पाच आमदारक्या, पाच पेन्शनी? कुणी सांगितलं?

‘पाच वेळा आमदार, पाच पेन्शनी! इन्कम टॅक्स माफ! विधान परिषद म्हणजे पडलेल्यांची सोय, तिथं जनतेला मत नाही, आजवर एक काम झालेलं नाही!’ हा मेसेज कोल्हापुरातल्या तालमी-मंडळांच्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. परवा भाचीनं तो मलाच पाठवला. खाली ओळ: ‘मामा, म्हणून मी परिषदेसाठी पदवीधर मतदार म्हणून नोंदणी करणार नाही.’ झालं, लिहिणं आलं.

टॅक्सचं खोटं आहे. आमदारांचं वेतन करपात्रच असतं. पुढं.

पेन्शन 1976च्या विधानमंडळ सदस्य निवृत्तिवेतन कायद्यानं मिळते. 2016 साली ठरलेला हिशोब असा: पाच वर्षांपर्यंत महिना 50 हजार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला 2 हजार जादा. पाच टर्मचे 90 हजार होतात. मेसेजवाल्याच्या गणितानं अडीच लाख! दर टर्मला वेगळी पेन्शन पंजाबात होती, तीही तिथं 2022 साली मोडीत निघाली. 90 हजारही जास्तच वाटतात? मलाही वाटतात. भांडा की, पण खऱ्या आकड्यावर भांडा.

खरा संताप ‘मत नाही’ याचा. परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागांवर पदवीधर मतदार आणि 7 जागांवर शिक्षक मतदार थेट मतदानानं आमदार निवडतात. आपला पुणे पदवीधर मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा. मागची निवडणूक डिसेंबर 2020ची, मुदत सहा वर्षं. आणि यादी दर वेळी कोरी, नव्यानं होते. जुनं नाव चालत नाही, 18 नंबरचा फॉर्म पुन्हा भरावा लागतो. पक्षांची माणसं गठ्ठ्यानं फॉर्म भरून घेतात. हा मेसेज वाचून घरी बसणार कोण? तर तुम्ही.

‘एक काम झालेलं नाही’ हे कोल्हापुरात बसून लिहायला धाडस पाहिजे. एन. डी. पाटील 18 वर्षं याच परिषदेत होते, मग 1985 ते 90 कोल्हापूरचे आमदार. शेकापचा माणूस, 1978 ते 80 सहकारमंत्री, बाकी जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकावर. सभागृह सुटलं तरी ऐंशी ओलांडल्यावर कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरोधात रस्त्यावर उतरले, आणि सरकारला शेवटी टोल रद्द करावा लागला. तुम्ही आज फुकट गाडी नेता ती त्याच रस्त्यांवरनं. आणि रोजगार हमी? ती वि. स. पागे यांची कल्पना, तेव्हा ते परिषदेचे सभापती होते. राज्यानं 1977 साली कायदा केला, दिल्लीला तसं सुचायला 2005 उजाडलं.

‘पडलेल्यांची सोय’ मात्र, नाइलाजानं, मान्य. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांसाठीच्या राज्यपालनियुक्त 12 जागा 2020पासून चार वर्षं रिकाम्या होत्या. 2024 साली सात भरल्या, त्या पक्षांच्याच माणसांनी. यावर मेसेज लिहा, मी स्वतः सगळ्या ग्रुपवर टाकतो.