पाणी बाहेर ठेवण्याची पट्टी

मुंबईत लोकलच्या रुळांवर पाणी आले की आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटात एक वाक्य हमखास उमटते: "अख्खे हॉलंड समुद्राखाली राहते, मग आपल्यालाच काय धाड भरली आहे?" त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तरही ठरलेले असते, की समुद्र आपली जागा परत घेतल्याशिवाय राहत नाही, तेव्हा भराव, भिंती आणि सागरी रस्ते ही सारी उधळपट्टी आहे. मग दोन्ही बाजू माझ्याकडे वळतात, कारण माझे घर नेदरलँड्समधल्या होफ्डॉर्पमध्ये, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे 4 मीटर खाली आहे. या वर्षी उत्तर थोडे सविस्तर द्यावे असे वाटले.

"समुद्रसपाटीखाली" या शब्दाने फार भारावून जाण्याचे कारण नाही. मृत समुद्राचा काठ सपाटीपेक्षा 400 मीटरहून अधिक खाली आहे आणि तिथे कोणी पाणी उपसत बसत नाही, कारण खरा समुद्र डोंगरांपलीकडे दूर आहे. खोलीपेक्षा शेजार महत्त्वाचा. शिवाय अख्खे हॉलंड समुद्राखाली आहे हेही खरे नाही. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या 2007च्या अहवालात नेदरलँड्सचा 55 टक्के भूभाग सपाटीखाली असल्याचे छापले गेले होते. पुढे तो आकडा पुरवणाऱ्या डच संस्थेनेच खुलासा केला, की सपाटीखाली 26 टक्के आहे आणि आणखी 29 टक्के नद्यांच्या पुराच्या टप्प्यात येतो. चूक दुरुस्त झाली, पण आमच्या गटात अजून जुनाच आकडा फिरतो.

मी राहतो ती जमीन एकेकाळी हार्लेमरमेर नावाचे सरोवर होती. वादळात ते काठ खात सुटे, म्हणून त्याला 'पाणलांडगा' म्हणत. 1836च्या नोव्हेंबरात त्याचे पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आणि डिसेंबरात लायडनपर्यंत पोहोचले, तेव्हा सरोवरच उपसून टाकायचे ठरले. भोवती सुमारे 60 किलोमीटरचा कालवा खणला गेला आणि 1849 ते 1852 या काळात वाफेच्या तीन पंपगृहांनी तळ कोरडा केला. त्यांतले क्रुकियस हे पंपगृह आता संग्रहालय आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो आणि बहुतेकजण यंत्राचा आकार पाहून थक्क होऊन परततात. ते ज्या शिफोल विमानतळावर उतरलेले असतात, तोही याच सरोवराच्या तळाशी आहे, हे मी त्यांना परतीच्या वाटेवर सांगतो.

पाहुण्यांना जे दाखवता येत नाही, ते दरवर्षी टपालाने येते. आपल्याकडे पाणी घरात येण्यासाठी पाणीपट्टी भरावी लागते. इथे पाणी घराबाहेर राहावे म्हणून वेगळी पट्टी भरावी लागते. ती घेणारे जलमंडळ नगरपालिकेचे खाते नाही आणि केंद्र सरकारचेही नाही. देशात अशी 21 मंडळे आहेत, आमचे रेइनलंड तेराव्या शतकातले आहे, आणि त्यांच्या कारभाऱ्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते. माझे पारपत्र भारतीय असले, तरी इथल्या वास्तव्यामुळे त्या निवडणुकीत मला मत देता येते. जमा झालेला पैसा बांध, चर, पंप आणि सांडपाणी यांपलीकडे रस्त्याला, उद्यानाला किंवा पुतळ्याला जात नाही. काम इतके कंटाळवाणे, की त्याचे उद्घाटन करायला कोणी पुढारी फिरकणार नाही: शरद ऋतूत चर साफ झाले आहेत का याची पाहणी होते आणि ज्याच्या हद्दीतला चर तुंबलेला असेल त्याला दंड होतो, बांधात बिळे करणारे कस्तुरी उंदीर पकडायला पगारी माणसे असतात. 2003च्या ऑगस्टमध्ये विल्निस गावाचा बांध सरकला, तो पुराने नव्हे, तर अवर्षणाने. बांध ओल्या पीटमातीचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा होता, ती उन्हाळ्यात सुकून हलकी झाली आणि पाण्याच्या रेट्यापुढे टिकली नाही. तेव्हापासून कोरड्या उन्हाळ्यातही निरीक्षक अशा बांधांवरून चालत भेगा शोधतात. माझे डच शेजारी या पट्टीबद्दल कुरकुरतात, आणि भरतात.

हे ऐकून पहिली बाजू म्हणते, "मग तेच मुंबईत करा." इथे मला थांबवावे लागते. नेदरलँड्समध्ये वर्षभरात साधारण 850 मिलिमीटर पाऊस पडतो; 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला होता. मुंबईचा बहुतेक भाग सरासरी समुद्रसपाटीच्या वर आहे, पण तिच्या पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली येतात, त्यामुळे साडेचार मीटरच्या वरचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया ही पंपगृहे त्यासाठीच उभी राहिली आणि ती आवश्यकच होती. सात बेटांचे शहर भराव टाकूनच घडले असल्याने भराव हे मूळ पाप आहे असेही मी मानत नाही. माझी हरकत इतकीच, की आपण हॉलंडकडून पंप मागतो आणि ती पट्टी मागत नाही. भराव घातला त्या दिवसापासून तो सांभाळण्याचा खर्च सुरू होतो आणि तो कधीच संपत नाही, ही गोष्ट प्रकल्पाच्या जाहिरातीत येत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक काव्यमय आणि कमी उपयोगी वाटते. समुद्राने 1 फेब्रुवारी 1953च्या पहाटे नैर्ऋत्येकडच्या झीलँड प्रांतातली जागा परत घेतलीच होती. देशात 1,836 माणसे बुडाली. त्यानंतर लोकांनी तो प्रदेश सोडला नाही, तर समुद्राची आत येण्याची मुखे बंद करण्याची योजना आखली. मात्र ऑस्टरस्खेल्डची खाडी कायमची बंद करण्याला कालवे-शिंपले काढणाऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला, सत्तरच्या दशकात आराखडा बदलला, आणि 1986 साली तिथे एरवी उघडी राहणारी आणि फक्त वादळात बंद होणारी 62 दारे उभी राहिली. 1995च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागल्यावर तर बांध आणखी उंच करण्यापेक्षा नदीला जागा परत देण्याचे धोरण आले. ओव्हरडीप पोल्डरमध्ये, म्हणजे बांधाआड राखलेल्या जमिनीत, काही शेतकरी निघून गेले आणि उरलेल्यांची घरे व गोठे उंचवट्यांवर बांधून बाकीची जमीन मोठ्या पुरासाठी मोकळी ठेवली गेली. कुठली जमीन राखायची आणि कुठली सोडायची, हे इथे जागा पाहून आणि हिशेब मांडून ठरते.

आणि हा हिशेब आपल्याला परका आहे असे समजू नये. गोव्यातली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेती, सुमारे 18,000 हेक्टरची, म्हणजे योगायोगाने माझ्या सरोवराएवढीच. तिथे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे मानशीचे दार असते, आणि बांधांची जबाबदारी गावकारीकडे, म्हणजे कोमुनिदाद या गावाच्या जुन्या सामायिक संस्थेकडे असे. कोकणात खाडीकाठच्या खारबंदिस्तीला जी उघाडी असते, तिचेही काम तेच. गोव्यात मुक्तीनंतर कूळकायदा आला, जमीन कसणाऱ्याला न्याय मिळाला, पण बांधाचा जुना वाली दुबळा झाला आणि नवा तितका सक्षम उभा राहिला नाही. खारभूमीसाठी महाराष्ट्रात 1979चा कायदा आहे आणि त्याखाली सरकार बांध बांधते.

माझ्या मामांची पेण तालुक्यात खाडीलगत भातशेती होती. काही वर्षांपूर्वी उधाणात बांधाला खांड पडली, ती वेळेत बुजवली गेली नाही, शेतात खारे पाणी भरले आणि पुढे कांदळवन वाढले. आता ते तोडायला परवानगी मिळत नाही, आणि कांदळवनाचे मोल मला मान्य असल्याने मी मामांची बाजूही धडपणे घेऊ शकत नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी विचारले, "तुमच्याकडे खांड पडली तर कुणाला सांगता?" मी म्हणालो की मंडळाचा दूरध्वनी क्रमांक पट्टीच्या कागदावरच छापलेला असतो. मामा म्हणाले, "आमच्याकडेही क्रमांक आहे रे, पण ते सांगतात, मंजुरी आली की बघू."

आमच्या मंडळाची पुढची निवडणूक मार्च 2027मध्ये आहे. वादाचा मुद्दा नेहमीचाच असेल: पीटमातीच्या भागात चरांतले पाणी किती खाली ठेवायचे. पाणी खाली ठेवले तर ट्रॅक्टर शेतात जातो, पण उघडी पडलेली पीटमाती हवेने कुजते, जमीन आणखी खचते आणि जुन्या घरांच्या पायातले लाकडी खांब सडतात. वर ठेवले तर घरे वाचतात आणि गाई चिखलात रुततात. मत कुणाला द्यायचे हे मी अजून ठरवलेले नाही.