‘संसर्ग रोखणं परवडत नाही’? हिशेब मांडून बघा

डॉक्टरांच्या गटांत एक मजकूर सारखा फिरतो: “इन्फेक्शन कंट्रोल ही कॉर्पोरेट हॉस्पिटलांची चैन, त्याला भारी यंत्रणा लागते. पंधरा खाटांच्या नर्सिंग होमनं ऑपरेशननंतर पाच दिवस तगडं अँटिबायोटिक द्यावं, स्वस्त पडतं. काही झालंच तर बिल पेशंट भरतो.” यातलं एकेक विधान तपासू.

“चैन आहे.” हँडरब, म्हणजे हात निर्जंतुक करायला चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, हॉस्पिटलातच बनतं. जागतिक आरोग्य संघटनेची कृती अशी: 99.8 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल 7,515 मिली, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिली, ग्लिसरॉल 145 मिली आणि उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण 10 लिटर. बाटल्या भरून 72 तास तशाच ठेवायच्या. बाटलीत बीजाणू (जंतूंची चिवट, सुप्त रूपं) असतील तर पेरॉक्साइडला ते मारायला तेवढा वेळ लागतो. घाईत नेमकी हीच पायरी गळते. हजार रुग्ण-दिवसांना (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्ण-दिवस) किमान 20 लिटर हा संघटनेचा निकष. पंधरा खाटा महिनाभर भरलेल्या धरल्या तरी 450 रुग्ण-दिवस, म्हणजे 9 लिटर. महिन्याला एक घाणा पुरतो! बाटली मात्र खाटेपाशी हवी. दाराशी टांगलेली कुणी वापरत नाही.

“पाच दिवस अँटिबायोटिक स्वस्त.” हर्नियासारख्या स्वच्छ शस्त्रक्रियेत छेद देण्याआधीच्या 60 मिनिटांत सेफाझोलिन या अँटिबायोटिकचा 2 ग्रॅमचा एक डोस पुरतो. छेदाच्या वेळी ऊतकांत औषध हवं. नंतरच्या डोसांनी जखम पिकणं कमी होत नाही. आतड्यातले साधे जंतू मरतात, प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणारे, उरतात आणि वॉर्डभर हातांवरून फिरतात.

“बिल पेशंट भरतो.” सरकारी योजनेत शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं असतं, वरचा खर्च हॉस्पिटलच्याच माथी. प्रतिरोधक जंतूनं जखम चिघळली तर मेरोपेनेम हे तगडं अँटिबायोटिक 1 ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस: 21 व्हायल. वर रोजचं ड्रेसिंग, आणि खाट अडकल्यानं पुढची ऑपरेशनं लांबतात. तेही लागू पडलं नाही तर कोलिस्टिन हे शेवटचं राखीव अँटिबायोटिक, आणि त्यानं बिघडू शकणाऱ्या मूत्रपिंडांची काळजी. हे सगळं रोखता येण्याजोगं होतं, ही गोष्ट फार टोचते.

“भारी यंत्रणा लागते.” अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 103 आयसीयूंनी सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर) पाचच गोष्टी पाळल्या: हात धुणं, पूर्ण ड्रेप-गाऊन-मास्क, क्लोरहेक्सिडिननं त्वचा निर्जंतुक करणं, शक्यतो जांघेतून लाइन न घालणं, नको असलेली लाइन काढणं. हजार कॅथेटर-दिवसांमागे (एक लाइन एक दिवस आत, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) रक्तसंसर्गाचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, 2.7 होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला. हे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार तिथे नर्सला होता. आपल्याकडे राउंडला निदान एवढं रोज विचारा: ही लाइन आजही हवी आहे का?