पार्ट आला नाही, पुढच्या महिन्यात बघू

काल पूर्व द्रुतगती महामार्गावर, चेंबूरच्या अलीकडे, गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पेट्रोलच पोचत नाही. मागे बेस्टची बस हॉर्न देतेय, मागच्या सीटवर आई जीव मुठीत धरून बसलेली. अहो, सदोष फ्युएल पंप बदलून द्यायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल काढलं, त्याला वर्ष झालं! पत्र गेलं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, आणि दलालाने गाडी विकताना अवाक्षर काढलं नाही. कंपनीच्या साइटवर आरसीवरचा चॅसी नंबर टाकून मीच शोधलं. काम फुकट आहे, मालक कितवा का असेना. कायद्यातही २०१९ साली रिकॉलची तरतूद आली. आणि सर्व्हिस सेंटरवाले सहा महिने एकच सांगतात, पार्ट आला नाही. मग आईला घेऊन मी निघायचं तरी कसं?