दान करताय? मग कृपया काही विचारू नका

मार्चअखेर आली की पगारदार माणसाला अचानक समाजाची आठवण येते. येऊ दे, चांगलंच आहे. पण पैसे नेमके कुणाला द्यायचे हे ठरवताना भलेभले गडबडतात, म्हणून हे थोडं मार्गदर्शन. विषय ताजा आहे, कारण परवाच एका संस्थेने मला माझी पायरी दाखवून दिली.

पहिला नियम : प्रश्न विचारू नका. मी विचारला. वस्तीतल्या मुलांचे अभ्यासवर्ग चालवणारी संस्था. फोनवरचा मुलगा गोड बोलत होता. "सर, आपले लाभार्थी पाच आकड्यांत गेलेत." मी म्हटलं, लाभार्थी म्हणजे कोण? "ज्यांच्यापर्यंत आपण पोचलो ते." पोचलो म्हणजे? "म्हणजे... रीच झालो, सर." बरं, वर्षापूर्वी वाचता येत नव्हतं आणि आता येतं, अशी मुलं किती? तो म्हणाला, मॅडमशी बोलून सांगतो. मग मॅडमचाच फोन आला : "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. सगळ्यांत एकच मुलगी, दोन वेण्या, हातात पाटी. पाटीवर काय लिहिलंय ते बघायला मी फोटो मोठा केला. संस्थेचं नाव होतं.

तर लाभार्थी मोजावेत, फळ मोजू नये. वर्षभर शिकलेलं पोर एक लाभार्थी आणि पंधरा ऑगस्टला पेन्सिल मिळालेलं पोरही एकच लाभार्थी. याला म्हणतात समता.

वाचता येतं का हे बघायला लागतं काय? एक कागद. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने २००५ पासून 'असर' नावाच्या पाहणीत असा कागद खेड्याखेड्यांतून फिरवलाय : आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळी, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोर कुठे अडलं ते काही मिनिटांत कळतं. पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचं धड वाचता येत नाही, हेही त्यातूनच उघड्यावर आलं. म्हणूनच सांगतो, असले उद्योग नकोत. उगाच काहीतरी कळायचं.

८०जी म्हणजे काम उत्तम असल्याचं सर्टिफिकेट असं समजावं. ते देणगीवर करसवलत मिळण्यासाठीचं प्राप्तिकर खात्याचं कागदपत्र आहे आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर तुम्हाला त्याची सवलतही मिळत नाही, पण पावतीसाठी भांडायचं ते भांडावंच.

'आमचं ऑडिट होतं, धर्मादाय आयुक्तांकडे जातं' असं कुणी म्हणालं की डोळे मिटून चेक फाडावा. ऑडिटर पेन्सिलींची बिलं तपासतो. पेन्सिलीने कुणी काही लिहिलं का, हा त्याचा विषय नाही. तुमचाही नसावा.

पूर आला की जुने कपडे द्यावेत. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात दिले होते तसेच, माळा रिकामा होईपर्यंत.

मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करावा. केक आपण न्यायचा. तिथली चाळीस पोरं ओळीत उभी राहतात आणि कधीही न पाहिलेल्या मुलासाठी टाळ्या वाजवत 'हॅपी बर्थडे' म्हणतात. सकाळीही एकदा म्हणून झालेलं असतं, कारण रविवार असतो. दुपारी श्रीखंड, संध्याकाळी परत श्रीखंड. सोमवारी वह्या नसतात, पण वहीबरोबर सेल्फी चांगला येत नाही. स्वयंपाकीणबाईंच्या पगाराला पैसे हवेत असं व्यवस्थापक चाचरत म्हणाले, तर 'बघतो' म्हणून निघावं. द्यायचाच तर पंखा द्यावा. पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिता येतं. वीजबिलावर कुठे लिहिणार?

आता खास टिप. 'आमच्याकडे शंभर टक्के रक्कम थेट गरजूंपर्यंत जाते' असं सांगणारी संस्था मिळाली की सोडू नये. मॅडमनी मलाही तेच ऐकवलं. शंभर टक्के! म्हणजे शिकवणारी ताई हवेवर जगते, खोलीचं भाडं घरमालक माफ करतो आणि मला फोन करणारा मुलगा पुण्य म्हणून करतो. आर्ट पेपरवरचा रंगीत अहवाल आकाशातून पडतो. प्रशासकीय खर्च म्हणजे चोरी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की संस्था बिचाऱ्या तो लपवत बसतात. सरकारही त्याच विचाराचं. परदेशी देणगीतून प्रशासनावर किती खर्च करता येईल, ती मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० वर आणली. चोर पकडायला म्हणे. अहो, चोर वीस टक्के दाखवूनच चोरतो! मरतो तो हिशेब ठेवणारा.

गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' या आरोग्यसंस्थेने काय केलं होतं ते आठवा. नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. आणि शेजारच्या ४७ गावांत? हा उपक्रम नाही. फक्त जन्म आणि मृत्यू नोंदवले. आपल्या भाषेत शुद्ध उधळपट्टी : जिथे काम करायचं नाही, तिथे माणसं पाठवून मोजत बसायचं! पण ती ४७ गावं मोजली म्हणून तर तिसऱ्या वर्षी ठामपणे म्हणता आलं की नवजात मृत्यू त्यांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले, आणि खर्च एका बाळामागे पाचसव्वापाच डॉलर. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात, ते याच वाटेने देशभर गेलं. शंभर टक्के 'थेट' वाल्यांच्या हाती कारभार असता तर त्या मोजणाऱ्यांचा भत्ता पहिल्याच मीटिंगमध्ये कापला गेला असता, आणि बाळं कशाने वाचली, की पाऊसपाणी बरं झालं म्हणून वाचली, यावर आपण आजही गप्पा मारत बसलो असतो.

राजस्थानात उदयपूरकडच्या खेड्यांत एका प्रयोगात लसीला आलेल्या आयांना किलोभर डाळ दिली, तेव्हाही 'लालूच कशाला' म्हणणारे असणारच. पूर्ण लसीकरण झालेली मुलं जिथे काहीच केलं नाही तिथे ६ टक्के, नुसती शिबिरं नियमित भरवली तिथे १८, आणि डाळ दिली तिथे ३९. डाळ धरूनसुद्धा एका मुलामागचा खर्च नुसत्या शिबिरापेक्षा निम्म्यावर आला, कारण नर्सचा दिवस रिकामा जाईना. हे कुठल्या फोटोत दिसलं असतं?

आता पुरे झाला उपरोध. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या बिलावर दीड तास भांडता ना तुम्ही? तेल किती, ग्रीस किती, मागच्या वर्षी कमी कसं? मग दहा-वीस हजार देताना तोंडाला कुलूप का लागतं? 'दानात हिशेब बघू नये' म्हणे. हा मोठेपणा नाही, आळस आहे. तुम्हाला त्या पोराच्या वाचण्याशी घेणंदेणंच नाही, तुम्हाला बरं वाटून घ्यायचंय, आणि संस्थांनी ते ओळखलंय. तुम्ही फोटो मागता, त्या फोटो पुरवतात. जी खरंच मोजते, आणि 'यंदा आमचा हा वर्ग फसला' असं अहवालात छापते, तिला तुम्ही पुढच्या वर्षी देत नाही. असल्या प्रामाणिक संस्था तुम्हीच उपाशी मारताय.

आणि संस्थावाल्यांनो, विश्वास नाही का विचारू नका. आकडा नसेल तर 'अजून मोजलं नाही, मोजायला पैसे हवेत' असं सरळ सांगा की! त्यात लाज कसली?

तेव्हा या मार्चमध्ये फोन आला की दोनच गोष्टी विचारा : तुमच्या कामामुळे कुणाचं काय बदललं, आणि ते तुम्हाला कसं कळलं. उत्तर म्हणून फोटो आला तर फोन ठेवा. धड उत्तर आलं तर द्या, आणि ते मोजणाऱ्या माणसाच्या पगारासकट द्या.