फीड अडवा आणि तीच गूगलला द्या?

मराठी ब्लॉगर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला फिरून फिरून येतो. फीडमध्ये, म्हणजे ब्लॉगचे ताजे लेख वाचक-अ‍ॅप आणि सर्च इंजिनांना आपोआप पुरवणाऱ्या फाइलमध्ये, पूर्ण लेख गेला तर गूगल नक्कल समजून दंड करते, म्हणून सारांशच द्या. फीड रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनच्या पाने वाचणाऱ्या बॉटने काय वाचू नये ते सांगणारी फाइल) अडवा. ती शंभर फीड डिरेक्टरींत (फीडच्या याद्या ठेवणाऱ्या साइट्सवर) नोंदवा. आणि ब्लॉगरवर असाल तर पाचशे लेखांची फीडच साइटमॅप (साइटवरच्या पत्त्यांची सर्च इंजिनसाठीची यादी) म्हणून द्या. म्हणजे आधी फीडला कडी घालायची आणि मग तीच गूगलच्या हाती द्यायची!

आधी दंडाची भीती. असा सरसकट दंड नाही, हे गूगलने २००८ सालीच स्पष्ट केले आहे. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर दिसला तर ते त्यांतला एक निवडते. खरा उपद्रव फीड उचलून स्वतःच्या साइटवर छापणाऱ्यांचा. त्यावर उपाय म्हणजे फीडमधल्या प्रत्येक लेखाखाली मूळ लेखाची लिंक ठेवा आणि मजकुरातल्या सगळ्या लिंका एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहा. अर्धवट लिंका फीडमध्ये तुटतात. सारांश देण्याला एक कारण आहे, वाचक पानावर यावा आणि जाहिराती दिसाव्यात. पण तो धंद्याचा हिशेब झाला, सर्चचा नव्हे.

रोबोट्स फाइलमध्ये फीड अडवणे तर उलट अंगाशी येते. बॉट ती वाचतच नाही, त्यामुळे नवा लेख लवकर कळण्याची एक वाट बंद होते. शिवाय अडवलेला पत्ता, वर्णनाशिवाय का होईना, निकालात येऊ शकतो. फीड निकालात नकोच असेल तर तिच्या हेडरमध्ये (फाइलसोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीत) एक्स-रोबोट्स-टॅगने नोइंडेक्स, म्हणजे ‘निकालात दाखवू नका’ ही सूचना, पाठवा आणि फीड उघडी ठेवा. अडवलेल्या पत्त्याचे हेडर बॉटला दिसणार कसे?

डिरेक्टरींवर वेळ घालवू नका. फीड वाचायचे गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाले, आणि साइटमॅप बदलल्याचे कळवणारे पिंग बंद करत असल्याचे गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. लगेच कळवायचेच असेल तर वेबसब (फीड बदलली की लगेच कळवणारी पद्धत) वापरा. ते २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक आहे. स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसला त्यासाठी प्लगइन लागते.

साइटमॅपच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. गूगल आरएसएस २.० आणि अ‍ॅटम १.० हे फीडचे प्रकार साइटमॅप म्हणून घेते. पण फीडमध्ये असतात ताजे लेख. वर्डप्रेसमध्ये मुळात फक्त १०, आणि बॉटच्या दोन फेऱ्यांमध्ये तुम्ही १५ टाकलेत तर जुने ५ तिच्यातून सुटतात. हा आकडा सेटिंग्जमधल्या रीडिंग पानावर वाढवता येतो. म्हणूनच गूगल दोन्ही द्यायला सांगते: सगळ्या पत्त्यांसाठी साइटमॅप, ताज्या बदलांसाठी फीड. वर्डप्रेस ५.५ पासून (२०२०) साइटमॅप आपोआप तयार होतो, ब्लॉगरही स्वतःचा देते. पाचशेची युक्ती जुन्या काळातली.

या सल्ल्यात नसलेल्या चुकाच जास्त नडतात. फीड एक्सएमएल भाषेत लिहिलेली असते; तिच्या सुरुवातीच्या एक्सएमएल घोषणेआधी एक रिकामी ओळ आली तरी फीड मोडते. ती बहुधा थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये पीएचपीच्या शेवटच्या खुणेनंतर (?>) राहिलेली असते. ती खूणच काढून टाका. हाताने बनवलेल्या फीडमध्ये एचटीएमएलची एनबीएसपी (मोकळ्या जागेची) खूण राहिली तरी तेच, कारण साध्या एक्सएमएलला ती ठाऊक नसते. आरएसएसमधली तारीख इंग्रजी वार-महिन्यांतच लागते. टेम्प्लेटने मराठी महिना किंवा देवनागरी अंक छापले की ती वाचता येत नाही.

आणि आपल्या लिपीची खास गोची. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यातल्या शीर्षकाला, म्हणजे स्लगला, २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्केवाल्या संकेतात साठते, त्यामुळे तिथे ९ जागा खाते. काना, मात्रा, हलन्त वेगळे धरून जेमतेम २२ चिन्हे बसतात. ‘महाराष्ट्रातील’ या एका शब्दालाच १४ लागतात. लांब शीर्षक मध्येच कापले जाते. प्रकाशनापूर्वीच स्लग दोन-तीन शब्दांचा करा. नंतर बदललात तर जीयूआयडीला (फीडमधल्या त्या लेखाच्या कायमच्या ओळखीला) मात्र हात लावू नका. तो बदलला की जुने लेखही वर्गणीदारांना नवे म्हणून पुन्हा दिसतात.