‘मोबाईल काढून घ्या, पोरगं बोलायला लागेल’ म्हणणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा आला. चार वर्षांत पाचव्यांदा की सहाव्यांदा, मोजणं सोडून दिलंय. या खेपेला आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली माझ्या बायकोला टॅग केलं. मला नाही. मुलगा दोघांचा, नोकरी दोघांची, घरात सगळ्यात जास्त मोबाईल हातात असतो तो माझ्या. तरी हा मेसेज आजवर एकदाही कुणी मला पाठवलेला नाही. तो आईलाच जातो. म्हणून या वेळी उत्तर मी लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल (असं कुणी उरलं असेल तर) त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: तुमचं मूल बोलत नाही, नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही? घाबरू नका. हा ऑटिझम नाही, मोबाईलमुळे झालेला ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ आहे. ९० दिवस मोबाईल-टीव्ही पूर्ण बंद करा, मूल बरं होतं. पूर्वी एकत्र कुटुंबात अशी मुलं नव्हती. आईचं प्रेम आणि वेळ हेच खरं औषध. आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजीसकट: देव अशी मुलं खंबीर आईच्याच पदरात टाकतो.

ऑटिझम म्हणजे मेंदूची जडणघडणच वेगळी असणं. आता ‘व्हर्च्युअल ऑटिझम’पासून सुरुवात करू. हे नाव २०१८च्या सुमारास मारिउस झम्फिर या रुमानियातल्या मानसशास्त्रज्ञाच्या लिखाणातून पसरलं. डॉक्टर निदानासाठी जी दोन पुस्तकं वापरतात, अमेरिकेचं डीएसएम-५ आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११, त्यांत असा आजार नाही.

ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली केलं, ११ मुलांचं. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, जन्म १९३३, मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट नावाचं छोटं गाव. तिथे तेव्हा मोबाईल सोडाच, टीव्हीही नव्हता. कॅनर लिहितात की दोन वर्षांचा झाल्यावर त्याला ठोकळे, तवे-पातेली, जे गोल दिसेल ते गरगर फिरवायचं वेड लागलं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरातून नेमका तोच आवाज येत होता. आमचा मुलगा पोह्यांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर कडेवर उभं करतो, गिरकी देतो आणि ते खणखणत आडवं होईपर्यंत कान जमिनीला लावून पडून राहतो. मग पुन्हा. नव्वद वर्षांपूर्वीचं पातेलं आणि आमचं झाकण. मोबाईलचा दोष काढणाऱ्याने आधी त्या पातेल्याचं उत्तर द्यावं.

आणखी एक. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, ऑस्टरलिंग आणि डॉसन यांनी, १९९४ साली मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ कॅसेट जमवल्या: पुढे ऑटिझमचं निदान झालेली ११ मुलं आणि इतर ११. पहिल्याच वाढदिवसाला फरक दिसत होता. चेहऱ्यांकडे कमी पाहणं, बोटाने न दाखवणं, नावाने हाक मारली तरी न वळणं.

आमच्याकडेही असा एक व्हिडिओ आहे. केक, टोप्या, पंख्याखाली फिरणारी फुग्याची रिबीन. सगळे मुलाला हाका मारतायत, सगळ्यात मोठा आवाज आत्याचाच. तो रिबिनीकडे बघतोय. ‘अगदी आजोबांवर गेलाय, आपल्याच तंद्रीत!’ असं कुणीतरी म्हणतं आणि सगळे हसतात, मीही हसतो. तोवर त्याच्या हातात मोबाईल एकदाही गेला नव्हता. तो व्हिडिओ मी रात्री एकट्याने किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही. बायकोही पाहत होती हे मला पुढे वर्षभराने कळलं. एकाच घरात, एकाच पलंगावर, एकमेकांना न सांगता.

मोबाईलचं समर्थन मी करत नाहीये, तो अर्थ कुणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. समोर माणूस न बोलता पडदाच बोलत राहिला की बोलणं उशिरा येऊ शकतं, आणि असं मूल पडदा बंद केल्यावर झपाट्याने सुधारूही शकतं. मेसेजमधल्या चमत्काराच्या गोष्टी बहुधा अशाच मुलांच्या असाव्यात. पण त्यावरून ऑटिझम बरा झाला म्हणणं म्हणजे चष्म्याचा नंबर असलेल्याला डोळे धुवायला सांगण्यासारखं झालं. शिवाय उलटीही बाजू आहे: ज्या मुलाला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा फिरणाऱ्या-चमकणाऱ्या गोष्टी जास्त खेचतात, ते पडद्याला जास्त चिकटणार, आणि रात्रभर जागलेले आईबाप अर्धा तास शांतता मिळावी म्हणून तो देणार. आधी काय आणि मागून काय, हे नुसत्या ‘दोन्ही एकत्र दिसतात’वरून ठरत नाही.

आता ते ९० दिवस. आम्ही केले.

मुलगा तीन वर्षांचा होत होता. निदानासाठी नाव नोंदवायचं ते आम्ही पुढे ढकललं, कारण मेसेजमध्ये खात्रीच दिली होती. टीव्हीवर चादर. माझा मोबाईल बुटांच्या कपाटात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, जिथे दुधाचा हिशोब असतो, बायको रोजच्या चौकटीत एक बरोबरची खूण करायची. तिसऱ्या आठवड्यापासून तो थोडा लवकर झोपायला लागला, ते खरंच झालं. शब्द एकही आला नाही. नव्वदाव्या दिवशी मी कालनिर्णय खाली काढलं, तेव्हा एका चौकटीत खुणेच्या जागी बारीक अक्षरात ‘४ मि.’ दिसलं. त्या दिवशी माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला होता आणि मुलगा पडद्यासमोर चार मिनिटं होता. बायकोला मनापासून वाटत होतं की त्या चार मिनिटांनी सगळं फुकट घालवलं. ‘पुन्हा एकपासून सुरू करू या का?’ तिने विचारलं.

मेसेज लिहिणाऱ्याला मी हे सांगू इच्छितो. तुझं औषध कधी चुकतच नाही, कारण गुण आला नाही तर चूक देणारीची. आमचे तीन महिने गेले, ज्या वयात स्पीच थेरपी (बोलण्यासाठी) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या हालचाली-कामांसाठी) सुरू व्हायला हवी त्या वयातले. तरी आमचं नुकसान तेवढ्यावर भागलं. इथून पुढे लोक महागड्या दुकानात शिरतात. ऑटिझमवर स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं देणं हा उपचार नाही आणि त्याचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२मध्ये लेखी सांगावं लागलं, ते उगाच नाही.

(याच मेसेजची एक जुनी आवृत्ती लसीला दोष देते. तिच्यावर जास्त शाई घालवत नाही. तो वाद ज्या १९९८च्या लेखातून पेटला त्यात १२ मुलं होती, आणि तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१०मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून २०१९मध्ये जो निष्कर्ष आला, त्यात गोवराच्या लसीचा संबंध दिसला नाही.)

‘पूर्वी अशी मुलं नव्हती.’ आत्या, तूच सांगतेस ना ती गोष्ट, गावच्या वाड्यातल्या काकाआजोबांची? दिवसभर विहिरीच्या रहाटाजवळ उभे राहायचे, फेरे मोजायचे, ताट रोज त्याच पाटावर लागलं नाही तर जेवायचे नाहीत, लग्नाच्या पंगतीत कधी आले नाहीत. घरचे त्यांना भोळे म्हणायचे, गावची पोरं खुळे म्हणायची. त्यांना काय होतं ते मला माहीत नाही आणि मेलेल्या माणसाला मी निदान चिकटवणार नाही. पण ‘नव्हती’ म्हणू नकोस. नाव नव्हतं. आपल्या १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पक्का बसला.

नावाचं निघालंच आहे म्हणून सांगतो, मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्द मला आवडत नाही. त्यात मूल मुद्दाम आत बसलंय आणि आपण दार वाजवत राहिलो तर उघडेल, असा वास येतो. दार वाजवण्याचं काम मग कुणाकडे जातं ते ओळखा.

तर, ‘आईचं प्रेम आणि वेळ हेच औषध.’ दिसायला गोड वाक्य आहे. उलटून वाचा: मूल असं आहे म्हणजे आई कमी पडली. हे नवीन नाही. खुद्द कॅनरनी १९४९मध्ये या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहिताना फ्रिजची उपमा वापरली, आणि ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शिक्का पुढची वीसेक वर्षं बायकांच्या कपाळावर बसला. शिकागोत अशा मुलांची संस्था चालवणाऱ्या ब्रूनो बेटेलहाइमने तर १९६७मध्ये अशा मुलांच्या अवस्थेची तुलना नाझी छळछावणीतल्या कैद्यांशी केली. म्हणजे छावणीच्या पहारेकऱ्याच्या जागी आई. मुलांना आईपासून दूर ठेवणं हा त्याच्या संस्थेत उपचाराचाच भाग होता.

हे मोडून काढायची सुरुवात एका बापाने केली, ते मला विशेष वाटतं. अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता आणि आपली बायको थंड नाही हे त्यांना घरात दिसत होतं. त्यांनी होतं नव्हतं ते संशोधन वाचून काढलं आणि १९६४मध्ये मांडलं की हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, प्रेमाच्या तुटवड्याचा नाही. १९६९मध्ये आईबापांच्या एका सभेत कॅनर स्वतः म्हणाले की मी तुम्हाला दोषमुक्त करतो. १९७७मध्ये फोल्स्टाइन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या: एकसारख्या ११ जोड्यांपैकी चारमध्ये दोघंही ऑटिस्टिक, वेगवेगळ्या दिसणाऱ्या १० जोड्यांत एकही नाही. एकाच आईची माया, एकच घर. फरक रक्तातला. तेव्हापासून जनुकांचा हात दाखवणारे पुरावे वाढतच गेलेत. म्हणजे ज्या आरोपातून कॅनरनी १९६९मध्येच आईबापांना सोडवलं, तो आपण इमोजी लावून पुन्हा फिरवतोय.

उरला देव. ‘खंबीर आईच्याच पदरात टाकतो.’ हे बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो म्हणून यावर रागावता येत नाही, तेच अवघड आहे. माझी बायको खंबीर वगैरे नाही. तिला सर्दी झाली तरी ती चिडते. ती दमते, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या रांगेत चक्कर येईस्तोवर उभी राहते, दुसऱ्यांच्या मुलांच्या बारशाला जायचं टाळते आणि मग टाळल्याचा अपराधी भाव घेऊन बसते. पण एकदा ‘खंबीर’ म्हणून पाटी लावली की रडायची सोय उरत नाही. मला तर ती पाटीसुद्धा कुणी लावत नाही. बाप म्हणजे पैसे भरणारा, त्याला कसलं दुःख.

दुःख आहे. ते मुलाचं नाही, जो मुलगा आम्ही मनात रंगवला होता त्याचं आहे. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक माणसाने १९९३मध्ये आईबापांना हेच सुनावलं होतं: न आलेल्या मुलासाठी रडायचं तर रडा, पण ते तुमच्यापाशी ठेवा, समोर आहे त्या मुलावर घालू नका. मला ते पटायला दोन वर्षं लागली. आणि ‘आमच्यानंतर कोण’ हा प्रश्न पहाटे तीनला अजून येतोच. अठरा वर्षांनंतर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना लाखभर रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा देते, हे सगळं फाइलीत लावलंय. फाइल आहे म्हणून झोप येते असं नाही.

यातलं निम्मं मी ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस सामसूम. एका मावशीने अंगठा टाकला आणि काढून घेतला. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. मलाच.

‘मग आम्ही करायचं तरी काय रे?’

‘रविवारी दोन तास येऊन बस त्याच्याजवळ. आम्ही दोघं बाहेर जाऊन चहा पितो. कुकर मात्र लावू नकोस, शिटीने तो कान झाकून घेतो.’

‘बोलू का त्याच्याशी?’

‘बोल. उत्तर नाही आलं तरी बोल.’

ती आली. येताना पिशवीतून तिच्याकडच्या जुन्या पितळी डब्याचं झाकण घेऊन आली. ते स्टीलपेक्षा जास्त वेळ फिरतं.