‘आधी डीएनए, मग गोळी’: हार्ट अटॅकमध्ये हा सल्ला अंगाशी येईल

हार्ट अटॅकनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्यांबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा: ‘क्लोपिडोग्रेल निम्म्या भारतीयांना लागूच पडत नाही. स्टेंट बसवल्यावर आधी जनुक चाचणी करा, रिपोर्ट येईपर्यंत गोळी घेऊ नका. नाहीतर सरळ टिकाग्रेलोर मागा.’

‘निम्म्यांना लागू पडत नाही.’ यात तथ्य आहे, पण अर्धेच. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातले सीवायपी२सी१९ हे विकर (एन्झाइम) तिला कामाला लावते. हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती दुबळ्या असलेल्यांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्च २०१० मध्ये ठळक इशारा छापायला लावला. भारतात असे साधारण दहात एक-दोन. एकच प्रत दुबळी असणारे पुष्कळ, पण त्यांच्यात परिणाम घटतो, शून्य होत नाही. मजकुरात दोघांची बेरीज करून टाकली आहे.

‘रिपोर्ट येईपर्यंत थांबा.’ हे जिवावर बेतणारे आहे. नव्या स्टेंटवर गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो, आणि गोळी बंद करणे हे त्याचे ठळक कारण. जनुक पाहून औषध ठरवण्याची रुग्णांवरची मोठी युरोपीय चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही कोणाला थांबवले नव्हते: अँजिओप्लास्टी आणि औषध आधी, जनुक नंतर. जनुक ठीक निघालेल्यांना तीव्र गोळीवरून (टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल) क्लोपिडोग्रेलवर आणले. जनुक पाहून औषध दिलेल्या एकूण गटात रक्तस्राव १२.५ऐवजी ९.८ टक्के झाला, गुठळ्या वाढल्या नाहीत. म्हणजे जनुक चाचणीचा फायदा दिसला तो सौम्य गोळीवर उतरताना.

मुळात माणूस पाहून उपचार जनुकाच्या कितीतरी आधी सुरू होतो. ईसीजीत व्ही२-व्ही३मध्ये (छातीवरच्या दोन जागांच्या नोंदींत) एसटी हा आलेखाचा भाग किती उचलला तर अटॅक मानायचा? स्त्रियांत १.५ मिमी, चाळिशीपुढच्या पुरुषांत २, त्याआधी २.५. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देताना क्लोपिडोग्रेलचा पहिला डोस ३०० मिग्रॅ, पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ७५च. प्रासुग्रेल पूर्वी पक्षाघात झालेल्यांना वर्ज्य. वजन ६० किलोंहून कमी असेल तर तिचा रोजचा डोस १०वरून ५ मिग्रॅ. यासाठी वजनकाटा आणि दोन नेमके प्रश्न पुरतात, तरी घाईत नेमके तेच राहून जातात.

‘सरळ टिकाग्रेलोर मागा.’ तिला हे विकर लागत नाही, खरे. पण मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला असेल तर ती चालत नाही. ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि काहींना धाप लागते. मग रुग्ण न सांगताच सोडतो.

क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीची गोळी मात्र तपासा. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल हेच विकर अडवतात. पँटोप्राझोलचा अडथळा बराच कमी, तेव्हा बदल डॉक्टरांना विचारून करा.